अठरा वर्षांचा संसार

आटपाडी, खानापूर, तासगाव, कवठे महांकाळ. सांगली जिल्ह्याच्या या कोरड्या पट्ट्यात ‘टेंभू कधी सुटणार?’ असं कुणी विचारलं, तर त्याला पाण्याचं आवर्तन हवं असतं. टेंभू म्हणजे उपसा सिंचन योजना. कृष्णेचं पाणी जिथून उचलायला सुरुवात होते ते टेंभू गाव मात्र सातारा जिल्ह्यात, कराड तालुक्यात आहे. 14 जुलै 1856 रोजी गोपाळ गणेश आगरकर तिथेच जन्मले.

आगरकर म्हटलं की टिळक आठवतात आणि आधी राजकीय की आधी सामाजिक हा वाद. शाळेत सगळ्यांनी घोकलेला. त्या वादात एक साधी गोष्ट मागे पडते: हा माणूस कुणाचा तरी नवरा होता, आणि त्याने चाळिशी पाहिली नाही.

लग्न झालं 1877 साली. मुलगी उंब्रजच्या फडक्यांची, माहेरचं नाव अंबू. सासरी ती यशोदा झाली. उंब्रज कराड तालुक्यातलंच, म्हणजे सोयरीक अगदी पंचक्रोशीतली. नवरा मात्र तेव्हा पुण्याला डेक्कन कॉलेजात शिकत होता, तोही फाटक्या खिशाने. कराडला मामांकडे राहून, पडेल ते काम करून, रत्नागिरी आणि अकोल्याची वाट तुडवून तो तिथवर पोचला होता. अकोल्यात विष्णु मोरेश्वर महाजनींसारखा गुरू भेटला म्हणून निभावलं. कॉलेजात अंगावर एकच सदरा. रात्री धुवायचा, सकाळी तोच घालायचा. अशा घरात एम.ए. झालेला मुलगा म्हणजे मोठ्या पगाराचं स्वप्न. आगरकरांनी आईला पत्र लिहून ते स्वप्न आधीच मोडून टाकलं: पोटापुरतं मिळवीन, बाकीचा वेळ लोकांसाठी देईन. हे पत्र मराठी माणसाला भारी आवडतं. ते वाचून यशोदाबाईंना काय वाटलं असेल, हे कुणी विचारल्याचं आठवत नाही.

पुढची वर्षं धावपळीत गेली. 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल निघालं, 1881 साली ‘केसरी’ सुरू झाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. 1882 साली कोल्हापूरच्या दिवाणांवरच्या मजकुरामुळे अब्रुनुकसानीचा खटला उभा राहिला. टिळक-आगरकरांना शिक्षा झाली आणि दोघांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात 101 दिवस काढले. लग्नाला तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तकच लिहिलं. हॅम्लेटचं त्यांनी केलेलं मराठी रूप ‘विकारविलसित’ 1883 साली आलं.

मग मित्रांत फाटलं. 1887 साली ‘केसरी’ सुटला, 1888 साली ‘सुधारक’ निघाला. त्यातला इंग्रजी मजकूर सांभाळायला गोपाळ कृष्ण गोखले होते. बालविवाह, विधवांचं केशवपन, संमतिवय, मुलामुलींचं एकत्र शिक्षण अशा विषयांवर आगरकर लिहीत राहिले आणि पुणं खवळत राहिलं. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. घरात काय होतं? घरात यशोदाबाईंचा देवधर्म, व्रतवैकल्यं चालू होती. देव न मानणाऱ्या नवऱ्याने आपली मतं बायकोवर लादली नाहीत. त्यांच्या कडाडणाऱ्या लेखांपेक्षा हे मला अवघड वाटतं. बाहेर जग बदलायला निघालेले किती जण घरात हुकूमशहा असतात, हे सांगायला नको.

दमा जुनाच होता. 1892 साली वामन शिवराम आपटे गेल्यावर फर्ग्युसन कॉलेजचं प्राचार्यपद आगरकरांकडे आलं, तेव्हा प्रकृती खालावलेलीच होती. या मंडळींचं आयुष्यच विलक्षण तोकडं. न्यू इंग्लिश स्कूल उभारणारे चिपळूणकर बत्तिशीही पुरी न करता 1882 साली गेले, कोशकार आपटे चौतिशीच्या आसपास. 17 जून 1895 रोजी आगरकर गेले. एकोणचाळीस पुरी व्हायला महिनाही उरला नव्हता. टिळक त्यांच्याहून फक्त नऊ दिवसांनी लहान. ते पुढे पंचवीस वर्षं जगले. मृत्युलेख ‘केसरी’त टिळकांनीच लिहिला.

आगरकरांच्या उशाखाली एक पुरचुंडी सापडली, असं सांगतात. तिच्यात स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे बांधून ठेवले होते. चरित्रकार हा प्रसंग त्यागाचं उदाहरण म्हणून सांगतात. मला त्यात नवरा दिसतो. आपल्यामागे बायकोला दारोदार हात पसरायची वेळ येऊ नये, किमान पहिल्या दिवशी तरी, एवढाच त्या पैशांचा हिशेब.

विधवांच्या हालांवर वर्षानुवर्षं लेखणी झिजवणाऱ्या माणसाची बायको त्या दिवशी स्वतःच विधवा झाली. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे धोंडो केशव कर्वे तेव्हा पुण्यातच होते. त्यांनी 1893 साली एका विधवेशी लग्न केलं होतं. 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचं ‘शारदा’ 1899 साली रंगभूमीवर आलं आणि म्हाताऱ्याला दिल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीची गोष्ट नाटकगृहात पोचली. ज्यासाठी आगरकर शिव्या खात होते, ते आता लोक तिकीट काढून पाहत होते. यशोदाबाईंनी सांगितलेल्या नवऱ्याच्या आठवणीही पुढे छापल्या गेल्या.