कोणाच्या ताटात किती?

२७ ऑगस्ट १९३९, रविवार. पोलंडवरच्या हल्ल्याला अजून पाच दिवस अवकाश होता. पण जर्मनीत त्याच दिवशी रेशनिंग जाहीर झालं आणि सोमवारपासून मांस, लोणी, साखर, साबण, कोळसा, कापड, बूट असं बरंच काही कार्डाशिवाय मिळेनासं झालं. पाव आणि अंडी महिनाभराने त्या यादीत आली. तोफा डागण्याआधीच नाझी सरकारने स्वयंपाकघराचा बंदोबस्त करून ठेवला होता.

नाझी राजवटीबद्दल आपण वाचतो ते बहुधा मशालींच्या मिरवणुका, हिटलरची भाषणं आणि छळछावण्या यांच्याविषयी. ते वाचायलाच हवं. मला मात्र ती विचारसरणी सर्वांत उघडी पडलेली दिसते ती रेशनकार्डावर. वंशाचा सिद्धांत ग्रंथांत कितीही धूसर राहू दे, आठवड्याला कोणाला किती ग्रॅम लोणी द्यायचं हे ठरवायची वेळ आली की माणसाच्या किमतीला आकडा लावावाच लागतो. नाझींनी तो लावला आणि छापूनही काढला.

यामागे एक जुनी जखम होती. १९१६-१७ चा हिवाळा जर्मनीत ‘सलगमाचा हिवाळा’ म्हणून ओळखला जातो. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने समुद्रमार्ग रोखले होते, त्यात बटाट्याचं पीक बुडालं आणि एरवी गुरांपुढे टाकायचे कंद उकडून खायची पाळी शहरांवर आली. त्या युद्धात भुकेने आणि भुकेच्या मागून येणाऱ्या आजारांनी लाखो माणसं दगावली. हिटलरने यातून जो अर्थ काढला तो असा: १९१८ साली सैन्य हरलंच नाही, भुकेल्या लोकांना ज्यूंनी आणि मार्क्सवाद्यांनी भडकवलं आणि घरच्यांनीच पाठीत सुरा खुपसला. हे धादांत खोटं होतं. रणांगणावर हरल्यामुळे सेनापतीच तहासाठी घायकुतीला आले होते. पण हिटलरचा या खोट्यावर गाढ विश्वास होता आणि पुढचं धोरण त्यावरच उभं राहिलं. या खेपेला जर्मन माणूस उपाशी राहता कामा नये. त्यासाठी दुसरं कोणी उपाशी मेलं तरी बेहत्तर.

लोकांच्या अंगवळणी पाडायचं काम सत्तेवर आल्याबरोबर, १९३३ सालीच सुरू झालं. थंडीच्या महिन्यांत दरमहा एक रविवार ‘एका भांड्याचा’ ठरला. रविवार म्हणजे जर्मन घरात भाजलेल्या मांसाचा दिवस. त्याऐवजी वाटाणे, बटाटे, गाजर आणि असलाच तर मांसाचा एखादा तुकडा एकाच पातेल्यात रटरटत ठेवायचा. हॉटेलांनीही तेच वाढायचं. वाचलेले पैसे ‘हिवाळी मदत’ निधीला द्यायचे, आणि ते गोळा करायला पक्षाचा माणूस दारात हजर. या निधीला वर्गणी देणाऱ्याला दारावर लावायला छोटी पाटी मिळे. ती कोणत्या दारावर नाही, हे जिना चढणाऱ्या प्रत्येकाला दिसे. यात धाक होता, पण नुसता धाक होता असं म्हणणं सोयीचं आहे, खरं नाही. मालक आणि मजूर आज एकच रस्सा खाताहेत, या कल्पनेने पुष्कळ जर्मन मनापासून भारावले होते. आपण सगळे एक, ही भावना खरी होती. त्या ‘सगळ्यां’मध्ये ज्यू धरलेले नव्हते. १९३५ पासून त्यांना या मदतीतून कायद्याने वगळलं गेलं, आणि बहुसंख्यांच्या रश्श्याची चव त्याने बिघडली नाही.

युद्ध सुरू झालं तेव्हा साध्या ग्राहकाला आठवड्याला सुमारे २४०० ग्रॅम पाव, ५०० ग्रॅम मांस आणि २७० ग्रॅम चरबी-लोणी मिळे. जड काम करणाऱ्यांना, त्याहून जड काम करणाऱ्यांना, मुलांना, गरोदर बायकांना वेगवेगळी कार्डं होती. व्यवस्था चोख होती. चोरून डुक्कर कापणाऱ्याला किंवा साठेबाजाला देहदंडापर्यंत शिक्षा होऊ शकत असे. पण एप्रिल १९४२ मध्ये सरकारला हात आखडता घ्यावा लागला. पाव सव्वादोन किलोवरून दोन किलोवर आला, मांस ४०० ग्रॅमवरून ३०० वर. लोकांच्या मनात काय चाललंय याचे गुप्त अहवाल एस.एस.ची हेरयंत्रणा नियमित तयार करत असे. या कपातीने लोक किती खचले, याची चिंता त्या अहवालांत स्पष्ट दिसते. बर्लिनमधल्या वरिष्ठांना पुन्हा १९१८ दिसू लागलं.

त्यावरचा उपाय मात्र आधीच फायलीत तयार होता, आणि तो तयार करणाऱ्याचं नाव हर्बर्ट बाके. जन्म जॉर्जियातल्या बातुमीचा. रशियाच्या धान्यव्यवहारावर त्याने लिहिलेला प्रबंध ग्योटिंगेन विद्यापीठाने नाकारला होता. हाच माणूस अन्न खात्याचा सचिव झाला आणि १९४२ पासून मंत्र्याचं काम पाहू लागला. २ मे १९४१ रोजी, सोव्हिएत संघावर हल्ला व्हायच्या सात आठवडे आधी, संबंधित खात्यांच्या सचिवांची बैठक झाली. तिचं कारकुनी भाषेतलं टिपण आजही उपलब्ध आहे. सारांश एवढाच, की युद्ध चालवायचं तर सगळ्या जर्मन सैन्याचं पोट रशियातून भरलं पाहिजे, आणि आपल्याला लागेल ते तिथून उचललं तर कोट्यवधी माणसं उपासमारीने मरतील. कोणी हरकत घेतल्याची नोंद त्यात नाही.

ठरवलं होतं त्या प्रमाणात ही योजना अमलात आणता आली नाही. पण जेवढी आली त्याचे आकडे असे: जर्मनांच्या ताब्यात सापडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी ३३ लाखांच्या आसपास मेले, आणि त्यातले जवळजवळ २० लाख फेब्रुवारी १९४२ पर्यंतच, मुख्यतः भुकेने आणि थंडीने. त्यांच्यासाठी ‘रशियन पाव’ नावाचा वेगळा पाव ठरवला गेला होता. त्याची कृती कागदावर होती: निम्मा रायचा कोंडा, पाचवा हिस्सा साखरेच्या बीटचा चोथा, पाचवा हिस्सा लाकडाच्या लगद्याचं पीठ आणि उरलेला दहावा हिस्सा पेंढ्याचं किंवा पाल्याचं पीठ. ही टक्केवारी कोणीतरी टेबलाशी बसून काढली असणार, टंकलेखकाने टंकली असणार, वरच्याने सही केली असणार. त्या खोलीतल्या माणसांचा विचार मनातून जात नाही.

४ ऑक्टोबर १९४२ ला, सुगीच्या सणादिवशी, ग्योरिंगने बर्लिनच्या क्रीडाभवनातून रेडिओवर सांगितलं की सैन्याचं पोट आता जिंकलेल्या मुलखातून भरतं, रेशन वाढतंय, आणि उपाशी राहायची वेळ आलीच तर ती जर्मनांवर येणार नाही. आडपडदा काही नव्हता. ऐकणाऱ्याला सगळं कळत होतं. खाल्ल्या घासाबरोबर संमतीही पोटात जात होती. घासाचंच कशाला, हॅम्बुर्गच्या बंदरात त्याच काळात पश्चिम युरोपातल्या ज्यूंच्या घरांतलं सामान जहाजांनी येत होतं: कपाटं, गाद्या, शिवणयंत्रं, मुलांची खेळणी. त्याचे लिलाव होत. हॅम्बुर्ग आणि आसपासच्या किमान एक लाख लोकांनी लुटीचं हे सामान घेतलं असा इतिहासकार फ्रांक बायोर यांचा अंदाज आहे.

आता याच कार्डाची दुसरी बाजू. ज्यूंच्या कार्डांवर ‘जे’ अक्षराचा शिक्का असे. जुलै १९४० पासून बर्लिनमध्ये त्यांना दुकानात जायची मुभा फक्त दुपारी चार ते पाच. तोवर भाजीच्या टोपल्या रिकाम्या झालेल्या असत. कपड्यांची कुपनं बंद झाली. ऑक्टोबर १९४२ पासून मांस, अंडी, गव्हाचे पदार्थ आणि दूध त्यांच्या वाट्यातून साफ काढून टाकलं.

ड्रेस्डेनमधले भाषेचे प्राध्यापक व्हिक्टर क्लेम्पेरर हे सगळं रोज टिपून ठेवत होते. जन्माने ज्यू म्हणून १९३५ मध्ये त्यांची नोकरी गेली. पत्नी एवा ज्यू नव्हती, म्हणून ते हद्दपारीतून वाचले. पुढे घर सोडून त्यांना फक्त ज्यूंसाठी नेमलेल्या इमारतीत राहावं लागलं. डायरीत बटाटे वारंवार येतात: किती मिळाले, किती सडके निघाले, दुसऱ्याच्या ताटातला उरलेला तुकडा पाहून मनात काय आलं. कोणी दुकानदार हळूच काही पुडीत बांधून देई, कुठे पोरं रस्त्यात अंगावर ओरडत. १९४२ च्या वसंतात हुकूम निघाला की ज्यूंनी घरात प्राणी पाळायचे नाहीत, आणि ते दुसऱ्याला देऊनही टाकायचे नाहीत. क्लेम्पेरर दांपत्याकडे मुशेल नावाचा बोका होता. एवाने त्याला पशुवैद्याकडे नेलं आणि मरण देऊन आणलं. डायरीची पानं एवाच लपवून पिर्नाच्या एका डॉक्टर मैत्रिणीकडे पोचवत असे. ती सापडली असती तर दोघांचाच नव्हे, पानांत नाव आलेल्या प्रत्येकाचा जीव गेला असता.

कोण कोणत्या वंशाचा, हे ठरवायला विद्वानही तयार होते. बर्लिनच्या डालेम भागात कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था होती, संचालक ऑयगेन फिशर. हिटलरपूर्व काळात, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, याच फिशरच्या हाताखाली आपल्या इरावती कर्वे पीएच.डी. करत होत्या. युरोपीय माणसाच्या कवटीच्या असमान ठेवणीचा आणि त्याच्या वरचढ बुद्धीचा संबंध आहे, असा फिशरचा दावा होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा असा काही संबंध आढळत नाही हे आपल्या प्रबंधात नोंदवलं. परदेशातली विशीतली एक विद्यार्थिनी आपल्याच मार्गदर्शकाच्या सिद्धांताविरुद्ध पुरावा मांडते, याचं मोल पुढे त्या संस्थेत काय घडलं हे पाहिलं की कळतं. नाझी काळात तिथून वंशाचे दाखले दिले गेले, एस.एस.च्या डॉक्टरांना शिकवलं गेलं, आणि युद्धाच्या शेवटी आउशविट्झच्या छळछावणीतला डॉक्टर मेंगेले याने पाठवलेले रक्ताचे नमुने तिथेच येत होते.

१९४४ च्या उन्हाळ्यात जर्मनीत सुमारे ७६ लाख परदेशी मजूर आणि युद्धकैदी राबत होते, त्यातले बहुतेक जबरदस्तीने आणलेले. शेतावर, कारखान्यात, पाववाल्याकडे, सगळीकडे ते दिसत. पोलिश मजुरांनी छातीवर ‘पी’ अक्षर लावायचं, सोव्हिएत मुलखातल्यांनी ‘ओस्ट’ म्हणजे पूर्व. जर्मन कुटुंबाने पोलिश मजुराला आपल्या टेबलावर जेवायला बसवायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. पण दिवसभर एकत्र कापणी करून आलेल्या माणसाला वेगळं कसं बसवायचं? कितीतरी शेतकऱ्यांनी नाही बसवलं. आणि कितीतरी शेजाऱ्यांनी ते पोलिसांना जाऊन सांगितलं.

हे सांगणं समजून घ्यायला हवं. गेस्टापोचे, म्हणजे गुप्त पोलिसांचे, डोळे प्रत्येक भिंतीवर होते, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आठ कोटींच्या देशात ऐन युद्धातही त्यांची माणसं तीस-बत्तीस हजारांच्या पलीकडे नव्हती, आणि त्यातही कारकून आले. रॉबर्ट गेलाटली या इतिहासकाराने व्युर्त्सबुर्गच्या फायली तपासल्या तेव्हा दिसलं की ज्यूंशी संबंध ठेवल्याच्या प्रकरणांची सुरुवात बहुतेक वेळा सामान्य माणसाच्या तक्रारीने झाली होती. तक्रारीमागे दर वेळी विचारसरणी होती असंही नाही. भाडेकरूचं भांडण, जुना हेवा, नकोसा झालेला नवरा, काहीही पुरे. सरकारने फक्त खिडकी उघडी ठेवली होती.

ओटो आणि एलिझे हाम्पेल हे बर्लिनच्या वेडिंग या कामगार वस्तीतलं जोडपं. १९४० मध्ये एलिझेचा भाऊ फ्रान्समध्ये मारला गेला. त्यानंतर दोघे पोस्टकार्डं लिहू लागले. अडाणी अक्षर, चुकांनी भरलेली वाक्यं, मजकूर हिटलरविरुद्ध: युद्धाला साथ देऊ नका, हिवाळी मदतीला पैसे देऊ नका. ही कार्डं ते बिल्डिंगांच्या जिन्यांत ठेवून येत. दोन वर्षांत दोनशेहून अधिक कार्डं त्यांनी ठेवली. ती वाचून लोक हळूहळू जागे होतील, ही त्यांची आशा. ज्यांना सापडली त्यांनी जवळजवळ सगळी नेऊन पोलिसांत दिली. एप्रिल १९४३ मध्ये प्लोट्झेनझे तुरुंगात दोघांचा शिरच्छेद झाला. तरी हाम्पेल दांपत्य फसलं असं मला म्हणवत नाही. काय चाललंय ते कळायला विद्यापीठाची पदवी लागत नव्हती आणि नाही म्हणता येत होतं, एवढं त्यांच्यामुळे सिद्ध झालं.

रेशनचा हिशेब शेवटी रुग्णालयांपर्यंत पोचला. मनोरुग्ण आणि अपंगांना वायूने मारण्याची मोहीम, सत्तर हजारांहून अधिक बळी घेऊन, ऑगस्ट १९४१ मध्ये अधिकृतपणे थांबली. म्युन्स्टरचे बिशप गालेन यांनी चर्चमधून उघड निषेध केला होता आणि कुजबुज देशभर पसरली होती. मग रीत बदलली. बव्हेरियातल्या काउफबॉयरेन-इर्झे रुग्णालयाचा प्रमुख वालेंटिन फाल्टलहाउझर याने कामाच्या न उरलेल्या रुग्णांसाठी वेगळा आहार काढला: नुसत्या पाण्यात उकडलेल्या भाज्या, चरबीचा अंशही नाही. रुग्ण काही महिन्यांत आपोआप मरत. ३० नोव्हेंबर १९४२ च्या सरकारी फतव्याने तो आहार बव्हेरियाभर लागू झाला. मे १९४५ मध्ये जर्मनीने शरणागती पत्करली, गावात अमेरिकन सैन्य आलेलं होतं, तरी त्यानंतर तीन आठवड्यांनी त्या रुग्णालयात चार वर्षांच्या एका मुलाला मारलं गेलं.

जर्मन घरांत खरी भूक आली ती युद्ध संपल्यावर, विशेषतः १९४६-४७ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात. लुटीचा पुरवठा तुटला होता, रूरसारख्या भागांत माणशी दिवसाला हजार कॅलरीही मिळायची मारामार. त्यामुळे एका अख्ख्या पिढीच्या आठवणीत हिटलरच्या काळी पोटभर मिळायचं आणि उपासमार दोस्त राष्ट्रांनी आणली, असंच राहिलं. त्या पोटभर अन्नाचा उगम कुठे होता, हे घराघरांत विचारायला पुढची पिढी यावी लागली.

बाकेने एप्रिल १९४७ मध्ये न्युरेंबर्गच्या तुरुंगात गळफास घेतला. फाल्टलहाउझरला तीन वर्षांची शिक्षा झाली, पण प्रकृतीच्या कारणाने ती त्याला भोगावी लागली नाही. पूर्व युरोपातली गावं रिकामी करून तिथे जर्मन वसवण्याचा आराखडा ज्याने केला, तो कृषितज्ज्ञ कोनराड मायर न्युरेंबर्गमध्ये मुख्य आरोपांतून सुटला आणि १९५६ साली हॅनोव्हरच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रादेशिक नियोजनाचा प्राध्यापक झाला.