मुखदौर्गंध्य : नाव, स्थान आणि उपचार

मराठीतील ‘वास’ हा शब्द मूलतः निर्दोष आहे. फुलाला वास असतो, पहिल्या पावसाच्या मातीला असतो, कढविलेल्या तुपालाही असतो. परंतु ‘तोंडाला वास येतो’ असे म्हटले की तो वास वाईटच होय, हे सांगण्यासाठी विशेषण लागत नाही. ‘घाण’ या शब्दाची गती याहून पुढे गेली आहे. संस्कृत ‘घ्राण’ म्हणजे हुंगण्याची क्रिया अथवा ते इंद्रिय. प्राकृतातून मराठीत येईपर्यंत त्याचा अर्थ दुर्गंध झाला आणि पुढे डोळ्यांना दिसणारा मळही त्यात आला. संस्कृतात गर्वाचा वाचक असलेला ‘दर्प’ मराठीत नाकात शिरणारा उग्र वास झाला. इंग्रजीतील ‘स्टिंक’ हे क्रियापदही जुन्या काळी सुवासाला चालत असे. वासवाचक शब्दांची अर्थावनती हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. तो येथे हाती घ्यावयाचा नाही. तोंडाला सतत येणाऱ्या दुर्गंधीस निरनिराळ्या भाषांनी जी नावे दिली, त्यांत त्या विकाराचे स्थान कोठे मानले आहे, एवढाच भाषेचा धागा धरून तिच्या कारणांचा व उपचारांचा विचार येथे करावयाचा आहे. स्थान चुकले की उपचार चुकतो, आणि या विकाराच्या बाबतीत ते वर्षानुवर्षे चुकत राहिल्याची उदाहरणे घरोघरी सापडतात.

या नावांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. मराठीतील ‘तोंडाला वास येणे’, हिंदीतील ‘मुँह से बदबू आना’, संस्कृतातील ‘मुखदौर्गन्ध्य’ व ‘पूत्यास्यता’, जर्मनमधील ‘मुंडगेरुख’ आणि जपानीतील ‘कोशू’ ही सर्व नावे तोंडाकडे बोट दाखवितात. उलट इंग्रजीतील ‘बॅड ब्रेथ’ आणि फ्रेंचमधील ‘मोव्हेझ हालेन’ ही नावे दोष श्वासाकडे देतात. वैद्यकात रूढ झालेला ‘हॅलिटोसिस’ हा शब्द याच दुसऱ्या वर्गातला. श्वासवाचक लॅटिन ‘हालितुस’ला विकारवाचक ग्रीक प्रत्यय जोडून तो घडविला आहे, म्हणजे दोन भाषांचा संकर आहे. न्यूयॉर्कचे वैद्य जोसेफ हाउ यांनी १८७४ मध्ये श्वासाच्या दुर्गंधीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. पण हा शब्द सामान्य माणसाच्या तोंडी बसविला तो जाहिरातींनी. १८७९ साली अमेरिकेत शस्त्रक्रियेसाठी जंतुनाशक म्हणून तयार झालेले ‘लिस्टरीन’ हे द्रव्य १९२० नंतरच्या दशकात श्वासाच्या दुर्गंधीवरचा उपाय म्हणून विकले जाऊ लागले, आणि लग्न न जमणाऱ्या तरुणींची चित्रे छापून या भारदस्त शब्दाचा धाक घालण्यात आला. एखाद्या नेहमीच्या त्रासाला शास्त्रीय नाव मिळाले की तो रोग होतो आणि रोगाला बाटली लागते, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे क्वचितच असेल.

यावरून भाषा विचाराला बांधून टाकते असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. फ्रेंच दंतवैद्य आपल्या शब्दामुळे मागे राहिले नाहीत, आणि आपण मराठी भाषक आपल्या शब्दामुळे पुढे गेलो नाही. आपण म्हणतो ‘तोंडाला वास येतो’ आणि हात ठेवतो पोटावर. ‘पोट साफ होत नसेल’ हे निदान शेजारीही करतो. मग त्रिफळा, एरंडेल, इसबगोल असा क्रम सुरू होतो, आणि ज्या हिरड्यांतून दात घासताना रक्त येत असते त्यांच्याकडे कोणी पाहतही नाही.

पोटावरच्या या विश्वासाला काही आधार आहेत, हे मान्य केले पाहिजे. ढेकरेबरोबर जठरातला वास वर येतो, हा नित्याचा अनुभव. परंतु अन्ननलिका ही सदैव उघडी असलेली नळी नव्हे. गिळणे व ढेकर देणे यांखेरीज ती मिटलेली असते, त्यामुळे जठरातील वायू सारखा तोंडात येत राहत नाही. दुसरा आधार लसणीचा. रात्री लसणीची चटणी खाल्ली तर दात घासूनही सकाळी वास राहतो, तेव्हा तो पोटातूनच येत असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः लसणीतून निर्माण होणारे अ‍ॅलिल मिथाइल सल्फाइड हे द्रव्य आतड्यातून रक्तात जाते आणि फुप्फुसांवाटे उच्छ्वासात उतरते. तो वास एका दिवसाच्या सुमारास आपोआप ओसरतो. महिनोन् महिने टिकणाऱ्या दुर्गंधीचा उलगडा त्याने होत नाही.

ती येते कोठून? बेल्जियममधील ल्यूवेन येथील चिकित्सालयात आलेल्या २००० रुग्णांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे ७६ टक्के रुग्णांत कारण तोंडातच सापडले. ४३ टक्क्यांत केवळ जिभेवरील थर, ११ टक्क्यांत हिरड्यांचे विकार, आणि १८ टक्क्यांत हे दोन्ही एकत्र. तेव्हा मराठी शब्दाने दाखविलेले स्थान बरोबर आहे. आणि तोंडात नेमके कोठे, हे विचारले तर उत्तर बहुधा जिभेचा मागचा भाग हे येते.

येथे ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकास एक ओळखीची जागा भेटते. ‘क’, ‘ख’, ‘ग’ उच्चारताना जिभेचा जो भाग उचलला जाऊन मृदुतालूला टेकतो, त्याच्याच आसपासचा हा प्रदेश. ऋक्प्रातिशाख्याने कवर्गाला ‘जिह्वामूलीय’ म्हटले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात जीभ खरवडण्याचा जो विधी आहे, त्यातही शब्द आला आहे तो ‘जिह्वामूल’ हाच. जिभेच्या मुळाशी साचलेला मळ उच्छ्वासाला अडथळा करतो व दुर्गंध उत्पन्न करतो, म्हणून जीभ खरवडावी, असा तेथील आशय आहे. पट्टी सोने, चांदी, तांबे, कथील किंवा पितळ यांची, वाकविलेली आणि धार नसलेली असावी, असेही सांगितले आहे. वाग्भटानेही अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात मुखरोगांच्या प्रकरणी ‘पूत्यास्यता’ सांगताना ती दंतकाष्ठादिकांचा द्वेष करणाऱ्यास होते असे म्हटले आहे. त्यांच्या उपपत्तीची भाषा दोषांची आहे, सूक्ष्मजंतू त्यांना ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु निरीक्षण अचूक आहे. पोटाचे खूळ आपल्या परंपरेतूनच आले असे जे समजतात, त्यांनी हा अध्याय अवश्य पाहावा.

आता त्या मळात काय घडते ते पाहू. जिभेचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. त्यावर सूक्ष्म अंकुरांची दाटी असते. त्यांच्या फटींत झडलेल्या पेशी, अन्नाचे कण आणि नाकाच्या मागून उतरणारा शेंबडाचा अंश साचून राहतो. वरच्या थराखाली प्राणवायू पोहोचत नाही, आणि प्राणवायू न मानवणारे जंतू तेथे वाढतात. ते प्रथिनांचे विघटन करतात. प्रथिनांतील सिस्टीन व मिथायोनीन या गंधकयुक्त घटकांपासून अनुक्रमे हायड्रोजन सल्फाइड आणि मिथाइल मर्कॅप्टन हे वायू सुटतात. पहिल्याचा वास नासक्या अंड्यासारखा, दुसऱ्याचा कुजक्या कोबीसारखा. कॅनडातील व्हँकूव्हर येथील जोसेफ टोन्झेटिच यांनी १९६० व १९७० च्या दशकांत या वायूंचे मोजमाप करून या विषयाला रसायनशास्त्राचा पाया दिला.

या सर्वांवर नैसर्गिक अंकुश लाळेचा. झोपेत लाळ अगदी कमी होते, म्हणून पारोशा तोंडाला वास सर्वांनाच येतो. तो रोग नव्हे. उपवासाच्या दिवशी चावणेच होत नाही, म्हणून तेव्हाही येतो. तोंडाने श्वास घेण्याची सवय, सर्दीपडशावरची व मनोविकारांवरची कित्येक औषधे यांनीही तोंड कोरडे पडते. सलग दोन तास व्याख्यान देणाऱ्या अध्यापकवर्गाने शेजारी पाण्याचा पेला ठेवावा, तो केवळ घशासाठी नव्हे.

हिरड्यांचा विकार अधिक गंभीर, कारण तो दुखत नाही. दातांच्या मुळाशी कीटण साचते, हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि तेथे खोल खिसा तयार होतो. जिभेवर जे जंतू असतात तशाच जंतूंना या खिशात आणखी सुरक्षित आश्रय मिळतो. खालचे हाड झिजत जाते. दात हलू लागेपर्यंत माणसाला जाणवतात त्या दोनच गोष्टी, घासताना येणारे रक्त आणि तोंडाचा वास. मधुमेही माणसात हा विकार अधिक आढळतो व अधिक बळावतो. तेव्हा हा वास झाकून टाकणे म्हणजे धोक्याची घंटा बांधून ठेवणे होय.

आणि झाकण्याची साधने आपल्याकडे विपुल आहेत. जेवणानंतरच्या विडा, बडीशेप, वेलदोडा, लवंग यांना आपण ‘मुखशुद्धी’ म्हणतो. चरकानेही जायफळ, लवंग, कापूर, तांबूल इत्यादी तोंडात धरावयास सांगितले आहे, पण ते रुची व सुगंध यांसाठी. जीभ खरवडण्याचा विधी त्याने वेगळा सांगितला आहे. आपण दुसरी गोष्ट सोडली आणि पहिलीला ‘शुद्धी’ हे नाव दिले. येथे मात्र शब्द दिशाभूल करतो. त्याहून वाईट प्रकार मिश्रीचा. महाराष्ट्रात असंख्य स्त्रिया भाजलेल्या तंबाखूची पूड दात स्वच्छ करण्याचे साधन म्हणून हिरड्यांवर चोळतात. दातवण म्हणून ती घरात येते, म्हणून तिला व्यसन म्हणत नाहीत. तिने वास जात नाही, हिरड्यांचा विकार झाकला जातो, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका ओढवतो.

उपचार साधे आहेत, परंतु त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम दंतवैद्याकडून हिरड्यांची तपासणी व कीटण काढणे. कीटण काढल्याने दात खिळखिळे होतात, ही समजूत फार पसरली आहे. जेथे हाड अगोदरच झिजले आहे तेथे कीटण दातांना चिकटून आधाराचा आभास निर्माण करते. ते निघाल्यावर खरी स्थिती दिसते, एवढेच. किडलेले दात भरून घ्यावेत; कवळी असल्यास ती रात्री काढून, घासून पाण्यात ठेवावी. दररोज दातांच्या फटींतून धागा किंवा बारीक ब्रश फिरवावा, कारण नेहमीचा ब्रश तेथे पोहोचत नाही. मग जीभ. पट्टी शक्य तितकी मागे ठेवून हलक्या हाताने तीनचार वेळा पुढे ओढावी. रक्त येईपर्यंत खरवडणे अपायकारक आहे. प्रारंभी ओकारी येते. जीभ बाहेर काढून श्वास रोखल्यास ती कमी होते, व काही दिवसांत सवय होते.

चुळा भरण्याच्या औषधांचे स्थान यानंतरचे. क्लोरहेक्सिडीन जंतूंवर प्रभावी आहे, पण ते दीर्घकाळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात व चव बिघडते. म्हणून ते दंतवैद्याने सांगितलेल्या मुदतीपुरतेच घ्यावे. जस्ताचे क्षार असलेली औषधे गंधकयुक्त वायूंना बांधून ठेवतात व वास तात्पुरता कमी करतात.

तोंड निर्दोष असूनही वास राहिला तर इतरत्र शोध घ्यावा लागतो. एक सोपी कसोटी आहे: तोंड मिटून नाकाने सोडलेला श्वास दुसऱ्याने हुंगून पाहावा. वास केवळ तोंडानेच येत असेल तर कारण तोंडात किंवा घशात, बहुधा जीभ, हिरड्या किंवा टॉन्सिलच्या खाचांतील पांढरे खडे. नाकानेच येत असेल तर नाकात वा नाकाजवळच्या पोकळ्यांत. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण येत असेल तर चिंचोका, मणी असे काही आत अडकले आहे काय, ते त्वरित पाहावे. दोन्ही मार्गांनी सारखाच येत असेल तर तो रक्तातून फुप्फुसांत उतरत असण्याचा संभव असतो. मधुमेह विकोपास गेल्यास श्वासाला पिकल्या फळासारखा, मूत्रपिंडे निकामी होत असल्यास अमोनियासारखा वास येतो. यकृताच्या गंभीर विकारातही वेगळा वास येतो. २०१८ मध्ये मिथाइल मर्कॅप्टनचे शरीरात विघटन करणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे काही कुटुंबांत असा वास जन्मभर राहतो असे सिद्ध झाले. ही उदाहरणे विरळा आहेत.

ल्यूवेनच्या पाहणीतील आणखी एक आकडा विचार करावयास लावणारा आहे. सुमारे १६ टक्के रुग्णांना वास येतच नव्हता. तो येतो अशी त्यांची खात्री होती. जपानी संशोधकांनी या विकाराचे वर्गीकरण करताना खरी दुर्गंधी, समजूत घातल्यावर शमणारी शंका, आणि कशानेही न शमणारी भीती असे तीन वर्ग पाडले, ते या कारणाने. समोरच्याने नाक खाजविले, खिडकी उघडली की हे लोक ते आपल्यामुळेच असे मानतात. बोलताना तोंडावर हात धरतात, पुढे बोलणेच टाळतात. त्यांना दंतवैद्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते, आणि चुळांच्या बाटल्यांनी त्यांची भीती वाढते.

दोन्ही टोकांच्या दुःखाचे मूळ एकच आहे. आपल्या तोंडाचा वास आपल्याला कळत नाही, कारण सततच्या वासाला नाक सरावते. आणि दुसरा कोणी सांगत नाही. जवळच्या माणसाला विचारणे हीच सर्वांत विश्वसनीय परीक्षा होय. चिकित्सालयांतही यंत्रांच्या जोडीला प्रशिक्षित माणसाचे नाकच प्रमाण मानले जाते. सांगण्याची अडचण मराठीने काहीशी सोपी करून ठेवली आहे. ‘तोंडाला वास येतो’ या वाक्यात कर्ता वास आहे, माणूस नव्हे. षष्ठीतले ‘तुमच्या’ गाळले तरी वाक्य पुरे होते. पत्नीने पतीला, मुलीने वडिलांना ‘अलीकडे तोंडाला वास येतो, हिरड्या एकदा दाखवून घ्या’ इतके एकांतात म्हटले तर त्यात अनादर नाही. विचारणाऱ्याला वास येत नसेल, तर ‘येत नाही’ हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे; ‘तसे काही विशेष नाही’ या आपल्या नेहमीच्या उत्तराने शंकेखोराची शंका वाढते आणि ज्याला खरोखर उपचार हवा तो निश्चिंत होतो.