ज्याची पाळी त्याचा दोर

कुठला दोर कुठल्या खुंटीवर आहे ते डोळे मिटून सांगता आलं पाहिजे, हे मला पहिल्याच शनिवारी बजावण्यात आलं. 'जेम्स क्रेग' या तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर शंभराच्या वर दोर आहेत. रंगाने सारखे, जाडीला जवळपास सारखे, आणि एकावरही नाव नाही. कठड्याच्या आतल्या अंगाला लांबलचक फळी आहे आणि तिच्यात ओळीने खुंट्या बसवल्या आहेत. खुंटीला आठाच्या आकड्यासारखे वेढे देऊन दोर अडकवायचा आणि उरलेल्याचं वेटोळं तिच्यावरच टांगायचं. सुरुवातीचे कित्येक आठवडे मी फळीवर हात फिरवत खुंट्या मोजत होते. काळोखात, पावसात, अर्ध्या झोपेत उठून आलेल्या पूर्वीच्या खलाशाला खुंटीची जागा हीच एक खूण होती. त्याच्या हातून चुकीचा दोर सुटला तर वर शिडाच्या आडव्या वाशावर काम करत असलेल्या सोबत्याचा जीव जायचा.

हे जहाज 1874 साली इंग्लंडमध्ये सुंदरलंडला बांधलं गेलं, तेव्हा त्याचं नाव 'क्लॅन मॅक्लाउड' होतं. लोखंडी बांधणी, लांबी 54 मीटरच्या आसपास. मिळेल तो माल भरून ते जगभर हिंडलं आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न 23 वेळा ओलांडून गेलं. पुढे न्यूझीलंडच्या मालकाने नाव बदललं. आगबोटींच्या भाड्यापुढे शिडांचा निभाव लागेना, तेव्हा जहाज आधी बंदरात पडून राहिलं, मग नुसतं गोदाम झालं आणि शेवटी टास्मानियातल्या रिशेर्श उपसागरात सोडून दिलं गेलं. 1972 साली हौशी स्वयंसेवकांनी ते चिखलातून तरंगवलं. सिडनीत त्याची दुरुस्ती पुढे कित्येक वर्षं चालली. आता त्याच्यावर पुन्हा 21 शिडं चढतात.

मी माझगावची. बाबा मुंबई गोदीत विंचवर होते. या जहाजावर पहिल्यांदा आम्ही दहाजण ओळीने दोराला लागलो आणि सगळ्यांनी एकदम ओढ दिली, तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, "हबेस!" गोदीत माल उचलताना हबेस, खाली सोडताना आरिया. लहानपणी आमच्या खेळातसुद्धा हे शब्द असायचे. हे 'लस्करी' बोलीतले शब्द आहेत, म्हणजे शिडांच्या जहाजांवर काम करणाऱ्या हिंदी खलाशांच्या बोलीतले. 'आरिया' पोर्तुगीजांकडून आला. 1811 साली थॉमस रोबक याने कलकत्त्यात या बोलीचा कोश छापला, कारण हुकूम कळल्याशिवाय गोऱ्या अधिकाऱ्यांचं जहाज हलत नव्हतं. शिडं गेली, पण शब्द क्रेनच्या हुकाला लटकून राहिले.

जहाजाचं खरं काम कळतं ते दिशा बदलताना. चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या तोंडावर जाऊच शकत नाही. वाऱ्याच्या रोखापासून पासष्ट-सत्तर अंश बाजूला राहून, नागमोडी वळणं घेतच पुढे सरकायचं. दर वळणाला नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वाऱ्याच्या तोंडातून पलीकडे न्यायची. सिडनीच्या खाडीमुखाबाहेर ईशान्येचा वारा लागला, तेव्हा मी हे वळण पहिल्यांदा हातांनी अनुभवलं.

आधी सगळे आपापल्या दोरापाशी. बोलणं बंद. सुकाणू फिरतं, नाळेवरची तिकोनी शिडं सैल सुटतात आणि जहाज वाऱ्याकडे तोंड वळवू लागतं. इतका वेळ गच्च भरलेली चौकोनी शिडं एकाएकी थरथरतात. ओल्या चादरी झटकाव्यात तसा आवाज वरून येतो. मग वारा पुढच्या डोलकाठीवरच्या शिडांना उलट्या अंगाने लागतो आणि नाळेला पलीकडे ढकलतो. मधल्या डोलकाठीवरची शिडं तेवढा वेळ पुढच्यांच्या आडोशाला असतात. नेमक्या त्या घडीला हुकूम येतो, "मेनसेल हॉल!" आम्ही दोर घेऊन धावतो, आणि टनाटनाचे वासे जवळजवळ आपल्याच वजनाने गर्रकन फिरतात. थोडा आधी फिरवला तर वारा अंगावर येतो, उशीर झाला तर तोच वासा वीस माणसांनाही हलत नाही. आणि जहाजाचा वेगच आधी मेला तर ते वाऱ्याच्या तोंडाशी अडकून उलटं मागे सरकू लागतं. मधली शिडं भरली की पुढचे वासे फिरवायचे. हे मात्र नुसत्या ताकदीचं काम. माझ्या तळव्याची साल तिथेच गेली.

आम्ही त्या दिवशी पन्नासच्या आसपास होतो. 1874 साली एवढ्या जहाजावर जेमतेम पंधरा-वीस माणसं असायची. त्यांचे दोन गट, चार तास काम आणि चार तास सुटी. दिवसाच्या अशा सहा पाळ्या झाल्या तर एकाच गटाला रोज मध्यरात्रीची पाळी येणार, म्हणून संध्याकाळी चार ते आठची पाळी दोन-दोन तासांची करून सात पाळ्या केलेल्या. हिशेब सुरेख आहे, पण सलग चार तासांपेक्षा जास्त झोप त्यात बसत नाही, आणि तीही हक्काची नाही. वळण घ्यायचं, वादळात शीड आखडायचं, की सगळ्यांना वर बोलावणं. समजूतदार कप्तान शक्य असेल तर पाळी बदलायच्या वेळेपर्यंत थांबून मगच वळण घ्यायचा, कारण तेव्हा दोन्ही गट जागे असायचे. जहाज वाऱ्याने फुकट चालायचं असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. त्या वाऱ्याची किंमत ही माणसं आपल्या झोपेने मोजत होती.

खाणं खारवलेलं मांस, दगडासारखी बिस्किटं आणि लिंबाचा रस. पगाराचा पहिला महिना आगाऊ मिळायचा आणि निघण्याआधीच बंदरातल्या खानावळवाल्याच्या खिशात जायचा.

डोलकाठीवर आम्ही पट्टा आणि आकडा अडकवून चढतो. तरी वाशाखालच्या दोरावर पाय ठेवून, पोट वाशावर टेकवून, ताठ झालेलं कापड मुठीमुठीने ओढताना गुडघे कापतात. माझ्या पहिल्या खेपेला समुद्र शांत होता आणि ऊन पडलं होतं. केप हॉर्नला हेच काम बर्फाने कडक झालेल्या कापडावर, रात्री, कुठलाही पट्टा नसताना, सोळा-सतरा वर्षांची पोरं करायची. वर गेल्यापासून त्या पोरांचा विचार माझ्या मनातून जात नाही.

हवा चांगली असली तरी हात रिकामे नसायचेच. गंज खरवडणं, दोरांना डांबर चोपडणं, शिडांची शिवण, तक्ते घासणं. आमचे निम्मे शनिवार यातच जातात. हातोडीने गंज झाडताना लोखंडी पत्र्यांवरच्या रिव्हेटच्या रांगा उघड्या पडतात. प्रत्येक रिव्हेट तापवून हाताने ठोकलेला. त्यावर बोट ठेवलं की मी क्षणभर थांबते.

संध्याकाळी धक्क्याला लागलो. सगळे थकले होते, पण सगळे दोर पुन्हा गुंडाळल्याशिवाय कोणी उतरत नाही. वेटोळं एकाच दिशेने घालायचं, सुटं टोक तळाला, पीळ कुठेही राहू द्यायचा नाही. माझं एक वेटोळं सारंगाने मोडायला लावलं, कारण आत एक अढी राहिली होती. मी ते सोडून पुन्हा घातलं आणि खुंटीवर टांगलं, मध्यरात्री उठून आलेल्या माणसाच्या हातातून एका झटक्यात मोकळं धावेल असं.