लांबची वाट लवकर कशी सरते?

श्रोतेहो, घरातला मुलगा परदेशी निघाला की थोरली माणसे घड्याळाकडे पाहू लागतात. समजा, हिवाळ्यात त्याचे विमान दिल्लीहून पहाटे तीनला सुटणार आणि अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोला पहाटे पाचला उतरणार. तारीखही तीच. आजोबा तिकीट वाचतात आणि म्हणतात, "दोन तासांत अमेरिका!" मग पाच वाजतात, सहा वाजतात, फोन काही येत नाही आणि घरातला चहा तसाच निवतो.

आता ही घालमेल उगीचच, बरं का. सुटण्याची वेळ दिल्लीची, उतरण्याची तिथली. हिवाळ्यात तिथले घड्याळ आपल्या १३॥ तास मागे असते. तिथे पहाटेचे पाच म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. प्रवास झाला १५॥ तासांचा. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा फरक १२॥ तासांचा धरावा.

हे झाले वेळेचे. अंतराचे कोडे याहून गमतीचे आहे. शिक्षकबंधूंनी वर्गात पृथ्वीचा गोल घ्यावा आणि दिल्ली व सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये दोरा ताणून धरावा. भिंतीवरच्या नकाशात ही गावे आडवी, दोन टोकांना दिसतात. पण ताणलेला दोरा सरकत सरकत थेट उत्तर ध्रुवाजवळ जातो! हीच सर्वांत जवळची वाट, सुमारे १२,४०० किलोमीटरची.

मग विमाने दोऱ्याबरहुकूम जातात का? नेहमीच नाही. एअर इंडियाने २०१५ च्या डिसेंबरात या दोन शहरांमध्ये विनाथांबा विमान सुरू केले. ते युरोप व अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटर जाई. २०१६ च्या ऑक्टोबरात वाट बदलली. विमान उलट्या अंगाने, पॅसिफिक महासागरावरून नेले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची. म्हणजे हजारावर किलोमीटर वाढले, आणि तरी विमान आधीपेक्षा लवकर, साधारण साडेचौदा तासांत पोचले.

हे घडते वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, आपल्याहून उत्तरेकडच्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार ओघ वाहतात. हिवाळ्यात त्यांना विशेष जोर चढतो. विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरा आणि वाऱ्याचा १००. पाठीशी वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने विमान ताशी १,००० तोडते, समोरून असेल तर ८००च. नदीच्या ओघाबरोबर आणि ओघाविरुद्ध होडी हाकणाऱ्याला हे निराळे सांगायला नको.

इथे एखादा चुणचुणीत विद्यार्थी हमखास विचारतो, "पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला निघालेल्या विमानाखाली गाव आपणच येईल की!" प्रश्न झकास आहे, त्याला गप्प बसवू नये. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असते, एवढेच त्याला सांगावे. धावत्या आगगाडीत चेंडू वर उडवला तर तो मागच्या डब्यात पडत नाही, हातातच येतो.

आणखी एक मौज. परतताना हे विमान अटलांटिकवरून, पुन्हा पूर्वेकडेच तोंड करून येई, वारा पाठीशी घेऊन. दिल्लीहून पूर्वेला निघाले आणि पश्चिमेकडून घरी आले! एका फेरीत उतारूंची पृथ्वीप्रदक्षिणा झाली, आणि बहुतेकांनी ती झोपेत केली.