दारं धरणारा गडी आणि मनाच्या गोळ्या

मंद्रूपहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. धाकट्या जावेला मानसोपचाराच्या गोळ्या सुरू होऊन तीन महिने झाले. कानात येणारे आवाज थांबले, पण पाळीही थांबली, आणि अंगावर दूध येऊ लागलं. मेडिकलमधली पट्टी दोनदा करून पाहिली, दोन्ही वेळा एकच रेघ. घरात कुजबुज सुरू. ‘गोळ्या बंद करू का?’ असा त्यांचा प्रश्न.

आपल्या मनानं तर मुळीच नको. आवाज परत येतील. आधी हे दूध आलं कुठून ते पाहू.

पिट्युटरी ही मेंदूच्या तळाची वाटाण्याएवढी ग्रंथी. तिच्यातल्या बहुतेक हॉर्मोनांना वरून ‘सुट’ असा हुकूम लागतो. दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिनला मात्र सदोदित ‘थांब’ सांगावं लागतं, आणि ते काम डोपामिनचं. रात्री उसाला पाणी देताना दारं धरणारा गडी खोऱ्यानं माती ओढून सरीचं तोंड बंद ठेवतो ना, अगदी तसं. भास घालवणारी गोळी डोपामिनला अडवते. पण कुठलं अडवायचं आणि कुठलं सोडायचं हे तिला कळत नाही. गडी बांधावर उभा, खोरं मात्र काढून घेतलेलं! सरी वाहू लागते. प्रोलॅक्टिन वाढलं की बीजकोषांकडे जाणारा निरोप मंदावतो आणि पाळी चुकते. पुरुषांची इच्छा आटते. ते तर डॉक्टरांपुढे तोंडच उघडत नाहीत.

या औषधांचा इतिहास सांगणारे सुरुवात करतात 1952च्या पॅरिसपासून, क्लोरप्रोमाझिनपासून. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा वेडावरचा उपयोग 1931 सालीच छापला होता, हे कितींना ठाऊक आहे? मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरचा अनुभव लिहिला, तेव्हा कुठे जगाचं या मुळीकडे लक्ष गेलं. तिच्यातलं रेसर्पिन डोपामिनचा साठाच रिकामा करतं, म्हणजे गड्यालाच घरी पाठवतं. त्यानंही काही बायकांना दूध आलं होतं.

येत्या तारखेला डॉक्टरांना हे सगळं न लाजता सांगा. रक्तातलं प्रोलॅक्टिन आणि थायरॉईड तपासतील. गरोदर नसलेल्या बाईत प्रोलॅक्टिन साधारण 25 नॅनोग्रॅमच्या आत असतं. रिस्पेरिडोनवर ते शंभरीपार जाऊ शकतं. मग डोस कमी करता येतो, किंवा अ‍ॅरिपिप्राझोलसारखं औषध देता येतं. मात्र जोराचा ताप, लाकडासारखं ताठ अंग, घाम आणि बरळणं असं एकत्र दिसलं, तर तारखेची वाट पाहू नका. त्याच रात्री गाडी करून सोलापूरचं सिव्हिल गाठा.