कार्टवरचा आकडा नेमका चुकतो कुठे?

शॉपिंग अ‍ॅपमध्ये वरच्या कार्टवर ३ वस्तू दिसतात, आत गेलं की २. असं का होतं? रिडक्स वापरणाऱ्या जावास्क्रिप्ट अ‍ॅपची सामायिक माहिती ‘स्टोअर’मध्ये असते. त्यातून हवं तेवढंच काढून देणारं छोटं फंक्शन म्हणजे सिलेक्टर. एका स्क्रीनने स्टॉक संपलेली वस्तूही मोजली, दुसरीने वगळली, की आकडे जुळत नाहीत. उपाय सोपा: मोजणीचा सिलेक्टर एकदाच लिहा, माहिती बदलणाऱ्या रिड्यूसरशेजारी ठेवा आणि सगळीकडे तोच वापरा. उद्या स्टोअरची रचना बदलली, तरी दुरुस्ती एकाच ठिकाणी. हिशोब मोठा असेल, तर ‘रीसिलेक्ट’ लायब्ररी आधीचं उत्तर जपून ठेवते. संबंधित माहिती बदलली तरच पुन्हा मोजते.