बंदुकीला तेल कोणते द्यावे?



सौंसर-पांढुर्णा भागात मका भरू लागला किंवा भुईमुगाला शेंगा धरल्या की रानडुकरांचा त्रास सुरू होतो. म्हणून लोधीखेड्याच्या आसपास काही घरी पीकरक्षणाच्या परवान्याची बंदूक आढळते. कुठे एकनळी बारा बोअरची, तर कुठे आजोबांच्या वेळची भरमार. परवाना असला तरी जनावर मारण्याची मोकळीक मिळत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे त्यासाठी वेगळी लेखी परवानगी लागते.

ही बंदूक वर्षाचे बहुतेक दिवस नुसती पडून असते, आणि पडून राहिलेल्या लोखंडाला पावसाळ्यात गंज चढतो. मग घरात जे तेल हाताशी असेल ते आपण लावतो. आम्हीही एकदा तिळाचे तेल लावले होते. दोन महिन्यांनी चाप ओढला तर घोडा रेंगाळत खाली आला आणि काडतूस उडालेच नाही. अशा वेळी लगेच नळी उघडू नये. काडतूस उशिराने पेटू शकते. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबावे. आम्ही थांबलो, म्हणून बरे. घोडा उघडून पाहिला तर आत तेलाचा डिंक झालेला.

असे का होते? तीळ, भुईमूग, करडई यांचे तेल हवा लागून हळूहळू घट्ट व चिकट होते. जवसाचे तेल तर वाळून पापुद्राच धरते. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते. पौषातल्या पहाटे ते काय कामाचे? म्हणून खाण्याचे तेल बंदुकीच्या कळांना देऊ नये.

घासलेट मळ सोडवते, पण उडून गेल्यावर लोखंड उघडे पडते. त्याने पुसले तर नंतर दुसरे तेल लावलेच पाहिजे. ट्रॅक्टरचे काढलेले काळे ऑइल अजिबात वापरू नये. त्यात काजळी, धातूचा बारीक कीस आणि आम्ल असते. ग्रीस धूळ धरते. नळी जिथे मोडते त्या बिजागरीच्या खिळीला ते बोटाच्या टोकावर मावेल एवढेच लावावे.

मग लावावे काय? तेलाची कामे तीन: मळ सोडवणे, कळा हलत्या ठेवणे आणि गंज थोपवणे. खास बंदुकीचे तेल मिळाले तर उत्तम, कारण त्यात गंजरोधक द्रव्य घातलेले असते. ते न मिळाल्यास शिलाई मशीनचे पातळ खनिज तेल चालते. ते कळांना चांगले. पण त्याचा थर पातळ, म्हणून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पुसून पुन्हा लावावे. डब्ल्यूडी-४० सारखा फवारा मुळात ओल हटवण्यासाठी आहे. भिजलेल्या बंदुकीवर तो उपयोगी, पण महिनोन्‌महिने त्याच्या भरवशावर राहू नये.

भरमार बंदुकीची गोष्ट वेगळी. काळ्या दारूत सोरा, कोळसा व गंधक असतात. ती जळाल्यावर उरणारे क्षार हवेतली ओल ओढतात आणि ते तेलात विरघळत नाहीत. वरून कितीही तेल ओता, खाली गंज चालूच. म्हणून वापर झाला त्याच दिवशी नळी साबणाच्या गरम पाण्याने धुवावी, कोरडी चिंधी काळी येईनाशी होईपर्यंत पुसावी, पूर्ण वाळवावी आणि मगच तेलाचा हात फिरवावा. आजच्या काडतुसांच्या बिनधुराच्या दारूला पाण्याची गरज नाही. नळी साफ करण्याचे द्रव्य, पितळी तारांचा ब्रश आणि कोरडी चिंधी एवढे पुरते.

क्रम असा ठेवावा. प्रथम बंदूक रिकामी करावी, डोळ्यांनी व बोटाने खात्री करावी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. भरमारीत बार शिल्लक नाही हे गज घालून पाहावे. मागून उघडणारी नळी मागच्या बाजूनेच साफ करावी. शेवटी तेलाचा नुसता ओशटपणा राहील इतके पुसून घ्यावे. पुन्हा वापरण्यापूर्वी नळी व काडतुसाचे घर कोरड्या चिंधीने पुसून नळी उजेडाकडे धरून पाहावी. आत राहिलेली चिंधी किंवा ग्रीसचा गोळा नळी फोडू शकतो. घरात तेल राहिले तर काडतुसाचा मागचा धक्का वाढतो. तेल काडतुसात मुरले तर ते फुसके निघते. ठेवताना तोंड खाली करावे, म्हणजे तेल लाकडी कुंद्यात उतरून लाकूड मऊ पडत नाही.

जवसाचे तेल मात्र त्या कुंद्यालाच छान. दोन थेंब चोळून पुसून टाकावेत. पण त्या तेलाच्या चिंध्यांचा गोळा करून ठेवू नये. तेल वाळताना उष्णता निघते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. घरात कापूस साठवलेला असताना हा धोका लहान नव्हे. चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात.

आरोग्याचेही एक. नळीतल्या मळात शिसे असते, आणि ते लहान मुलांच्या मेंदूला फार अपायकारक आहे. हे काम स्वयंपाकघरात करू नये. उघड्यावर बसावे, जवळ विडी-चूल नसावी, मुले दूर असावीत. हात साबणाने धुतल्याखेरीज भाकरीला हात लावू नये.

वंगण ही क्षुल्लक बाब वाटते. पण १८५७ साली एन्फील्ड काडतुसांना गाय-डुकराची चरबी लावल्याच्या बोलण्यावरून सैन्यात केवढा भडका उडाला, हे आपण शाळेत शिकलो आहोत.

निवडणुकीच्या काळात बंदूक ठाण्यात जमा करायची झाली तर आधी साफ करून गंजरोधक तेलाचा हात द्यावा आणि परत मिळताच पुन्हा पुसावी. नळीत खड्डे, चीर किंवा फुगवटा दिसला, घोडा ढिला वाटला, तर घरी ठोकाठोकी करू नये. परवानाधारक कारागिराला दाखवावी, आणि तो सांगेपर्यंत बार काढू नये. पीक पुढल्या वर्षी पुन्हा येईल. गेलेले बोट किंवा डोळा येणार नाही.